बेताच्या अंतरावरचं उरण

मोऱ्याच्या धक्क्याला ऐन ओहोटीत लाँच लागत नाही. त्यामुळे भाऊच्या धक्क्यावरून घरी निघालेला उरणकर आधी भरतीची वेळ विचारतो आणि मग घड्याळ बघतो. मोठ्या ओहोटीच्या दिवसांत मोऱ्याकडचा गाळ उघडा पडतो आणि फेऱ्या काही तास थांबतात. गाळ उपसला जातो, पुन्हा साचतो. पाण्यावरून तासाभराच्या आत होणारा प्रवास अशा दिवशी पनवेलच्या बाजूने वळसा घालून रस्त्याने करावा लागतो. मुंबई समोर, डोळ्यांदेखत. तिथे पोचायचं मात्र सगळी खाडी फिरून. उरणच्या तीन-चार पिढ्यांनी हे केलं आहे.

मुंबई बंदराच्या आग्नेय कोपऱ्यातलं हे गाव जुन्या नकाशांत बेट म्हणूनच दाखवलेलं असतं. पोर्तुगीज आणि इंग्रज त्याला करंजा म्हणत. उत्तरेला मोऱ्याच्या बाजूचा लहान डोंगर, दक्षिणेला द्रोणागिरी, दोहोंच्या मध्ये भाताची सखल जमीन आणि त्या सखल पट्ट्यात उरण. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला धरमतरच्या खाडीचं तोंड आणि त्यापलीकडे रेवस. पूर्वेला मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये भरतीला भरणारी, ओहोटीला चिखल दाखवणारी खाजणं होती. हनुमानाने नेलेल्या द्रोणागिरीचा तुकडा इथे पडला, ही गोष्ट करंज्यात लहान मुलालाही ठाऊक असते. आगऱ्यांनी आणि कोळ्यांनी खाजणांवर बांध घातले, आत भात घेतला, जिथे भात होत नव्हता तिथे मिठागरं काढली. बेट मुख्य भूमीला जोडलं जाण्याची सुरुवात या बांधांनीच केली. भराव टाकणारी यंत्रं फार नंतर आली.

इतिहासात हे बेट अधूनमधून डोकं वर काढतं. चांजे आणि रानवड इथे शिलाहार राजा सोमेश्वराचे तेराव्या शतकाच्या मध्यावरचे शिलालेख सापडले. हाच उत्तर कोकणातल्या शिलाहारांचा शेवटचा राजा. देवगिरीच्या महादेव यादवाने त्याला समुद्रावर हरवलं. पुढे वसईच्या पोर्तुगीजांकडे बेट गेलं, त्यांनी इथे चर्च आणि तटबंदी उभारली. अठराव्या शतकात मराठ्यांनी ते घेतलं. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे जिंकलं, त्याच सुमारास करंजाही घेतलं. १७८२ च्या सालबाईच्या तहात मराठ्यांना बराच मुलूख परत मिळाला, पण साष्टी, घारापुरी, हॉग आणि करंजा ही चार बेटं इंग्रजांनी सोडली नाहीत. वसई परत देऊन करंजा ठेवणं वरवर विचित्र वाटतं. पण बंदराचा नकाशा उघडा ठेवला की व्यवहार कळतो. या चारही जागांवरून मुंबईच्या पाण्यावर नजर ठेवता येते, आणि शत्रूने तिथे तोफा मांडल्या तर मुंबई बंदर निकामी होतं. कंपनीला शेती नको होती, बंदराची कड हवी होती.

उरणचं पुढचं सगळं आयुष्य या एका गोष्टीभोवती फिरतं: मुंबईपासूनचं अंतर. फार जवळ नाही, फार लांबही नाही. शहराला ज्या वस्तू रोज लागतात पण दारात नको असतात, त्या ठेवायला अगदी बेताचं अंतर.

पहिली अशी वस्तू दारू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उरणच्या भट्ट्या मुंबई इलाख्यात नावाजलेल्या होत्या. भट्टीवाले बहुतेक पारशी आणि माल मोहाचा. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या वाचकाला हे वाचून नवल वाटेल, कारण मोह म्हणजे सातपुडा, चैत्रातली पहाट आणि झाडाखाली पाटी घेऊन वेचायला बसलेल्या बाया. समुद्रकाठच्या मिठागरांत मोहाचं झाड कुठून येणार? फुलं बाहेरून यायची, मुख्यतः गुजरातेतल्या पंचमहालातून. मग भट्ट्या पंचमहालात का नाहीत? कारण सरकारला दारूवरचा कर हवा होता. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्या मोडून थोड्या ठिकाणी एकत्र आणायचं धोरण आलं, आणि त्यासाठी बेटासारखी जागा नाही. चहूकडे पाणी, दोन-तीन धक्के, तिथे शिपाई बसवले की चोरटी बाटली बाहेर जाणं अवघड. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदाच झाला: परवान्याशिवाय फुलं बाळगणं गुन्हा. ज्या आदिवासी घरांत मोह हे उन्हाळ्यातलं अन्न होतं, त्यांच्या कणगीपर्यंत उरणच्या भट्ट्यांसाठी राबवलेलं धोरण पोचलं. अबकारीच्या इतिहासात या गोष्टीला मिळते त्याहून जास्त जागा मिळायला हवी.

दारूच्या पाठोपाठ दारूगोळा. नौदलाचं शस्त्रागार, उरणच्या भाषेत 'एनएडी', करंज्याच्या बाजूला आहे. 'आयएनएस तुणीर' हा तळ इथलाच. 'आयएनएस अभिमन्यू'ही इथेच, म्हणजे १९८७ मध्ये उभ्या राहिलेल्या नौदलाच्या सागरी कमांडो दलाचं, मार्कोसचं, पश्चिम किनाऱ्यावरचं ठिकाण. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताजमहाल हॉटेलात पहिल्यांदा शिरलेल्या प्रशिक्षित तुकड्यांमध्ये मार्कोस होते.

शस्त्रागार इथेच का, हे समजायला मुंबईतली एक दुपार आठवावी लागते. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी. 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, सोन्याच्या विटा आणि कापसाच्या गाठी होत्या. कापूस पेटला, आणि चारच्या सुमारास अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसं मेली, आसपासच्या वस्त्यांवर पेटता कापूस पडला. शांततेच्या काळातला नियम साधा होता: स्फोटकांचं जहाज धक्क्याला लावायचं नाही, बंदरात लांब नांगरायचं, माल लहान होड्यांनी उतरवायचा. युद्धाच्या घाईत तो बाजूला ठेवला गेला होता. त्याच वर्षी जुलैत कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागो इथे अमेरिकी नौदलाच्या धक्क्यावर दारूगोळा भरताना स्फोट होऊन ३२० माणसं मेली. तिथेही जहाजं धक्क्यालाच उभी होती.

दारूगोळ्यापासून किती लांब राहायचं, याला एक गणित आहे. स्फोटाच्या धक्क्याचं सुरक्षित अंतर हे स्फोटकांच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे साठा आठपट झाला की अंतर दुप्पट लागतं. म्हणून कोठारं एकमेकांपासून दूर, मातीच्या बांधांआड ठेवतात, आणि सगळ्या कोठारांभोवती मोकळा पट्टा ठेवतात. या पट्ट्यासाठी जमीन विकत घ्यायची तर खर्च आणि तंटा. समुद्र मात्र फुकट असतो. तीन बाजूंनी पाणी असलेल्या जागी अर्धाअधिक सुरक्षित पट्टा निसर्गच देतो, आणि दारूगोळा युद्धनौकेपर्यंत न्यायला रस्ता लागत नाही, होडी पुरते. डोंगर आड असेल तर आणखी बरं. करंज्याला हे तिन्ही आहे. जगभरच्या नौदलांनी दारूगोळ्यासाठी बेटं आणि भूशिरं निवडली, त्यामागे हेच गणित आहे.

राहिली चौथी बाजू. तिथे उरण आहे.

१९०३ चा 'वर्क्स ऑफ डिफेन्स' कायदा सरकारला असा अधिकार देतो की संरक्षणाच्या जागेभोवती, जास्तीत जास्त दोन हजार यार्डांपर्यंत, बांधकामावर बंदी घालता येते. जमीन मालकाचीच राहते, सातबाराही त्याच्याच नावावर राहतो, फक्त त्यावर घर बांधायचं नाही. या बंधनाबद्दल मोबदला द्यावा, असं कायदाच सांगतो. उरणमध्ये १९९० च्या दशकात असा सुरक्षा पट्टा जाहीर झाला. तोवर बोरी, पाखाडी, म्हातवली, केगाव, नागाव या भागांत लोकांची घरं होतीच, काही घरं आजोबा-पणजोबांच्या वेळची. उरणमध्ये याला कोणी सुरक्षा पट्टा म्हणत नाही, 'सेफ्टी झोन' म्हणतात, आणि निवडणूक ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची, प्रत्येक उमेदवाराला तो उठवण्याचं आश्वासन द्यावं लागतं.

नौदलाची बाजू खोटी नाही. १९४४ ची मुंबई सोडाच. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर वर्ध्याजवळच्या पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारात आग लागली, अधिकारी आणि जवान दगावले, आसपासची गावं रातोरात खाली करावी लागली. अशा कोठाराला खेटून इमारती उभ्या राहू देणं कोणत्याही ॲडमिरलला परवडणारं नाही. पण बंदी घालायची, मोबदल्याचा प्रश्न लटकत ठेवायचा आणि वाढत्या कुटुंबाने त्याच दोन खोल्यांत राहावं अशी अपेक्षा करायची, याला सुरक्षा म्हणता येणार नाही. उरणकरांचा राग नौदलावर आहे असं बाहेरून वाटतं. माझ्या मते तो कागदावर आहे. तळावर नोकरी करणारे, तळाला मासळी-भाजी पुरवणारे, तळाच्या कुंपणालगत राहणारे हे एकाच गावचे लोक आहेत.

नौदलाच्या शेजाराचा ताण किती पटकन वर येतो, हे २२ सप्टेंबर २०१६ ला दिसलं. काश्मीरमधल्या उरीच्या तळावर हल्ला होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. उरणच्या शाळेतल्या मुलांनी सांगितलं की काळ्या कपड्यांतली, पाठीवर पिशव्या आणि हातात शस्त्रं असलेली माणसं दिसली. काही तासांत मुंबईच्या किनाऱ्यावर सर्वोच्च दक्षतेचा इशारा गेला. मार्कोस, एनएसजी, एटीएस, पोलीस, हेलिकॉप्टर, सगळे उरणमध्ये. संशयितांची रेखाचित्रं निघाली, दुसऱ्या दिवशी शाळा बंद राहिल्या. कोणीही सापडलं नाही. नंतर त्यावर पुष्कळ विनोद झाले. मात्र दारूगोळा, तेल आणि बंदर ही तिन्ही एकाच तालुक्यात असताना मुलांच्या सांगण्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभा पोलिसांना नव्हती.

कारण तोवर उरण नुसतं नौदलाचं राहिलेलं नव्हतं. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाला मुंबईच्या पश्चिमेला, सुमारे १६० किलोमीटरवर, तेल लागलं. बॉम्बे हायचं ते तेल आणि वायू किनाऱ्यावर आणायचे कुठे? मुंबई बेटावर जागा नव्हती आणि धाडसही नव्हतं. समुद्राच्या तळावरून नळ आले ते उरणला, १९७८ मध्ये. ओएनजीसीचा प्रकल्प उभा राहिला. मागोमाग त्या वायूवर चालणारं राज्य वीज मंडळाचं केंद्र आलं, स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या भरणारा कारखाना आला. ३ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी ओएनजीसीच्या प्रकल्पात आग लागली तेव्हा सुरक्षा दलाचे अग्निशामक जवान त्यात गेले. आसपासच्या गावांत लोक मुलाबाळांसह रस्त्यावर आले. एका बाजूला शस्त्रागार, दुसऱ्या बाजूला वायूच्या टाक्या. पळायचं कोणत्या दिशेने, हा प्रश्न त्या सकाळी कोणी विनोदाने विचारत नव्हतं.

आणि मग बंदर. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली; ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी घ्यायची ठरली. त्यात न्हावा-शेवा बंदराचीही जमीन आली. कवडीमोल भावाविरुद्ध शेतकरी कामगार पक्षाच्या दि. बा. पाटलांनी गावं उभी केली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी मेले. या रक्तातून साडेबारा टक्क्यांचं तत्त्व निघालं: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत. भूसंपादनात शेतकऱ्याला नुसते पैसे न देता विकासात वाटा द्यायचा, ही कल्पना देशात पुढे अनेक ठिकाणी आली. तिचा उगम या खाजणकाठच्या गावांत आहे. उरण तालुक्याला असा गोळीबार नवा नव्हता. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात इथले शेतकरी इंग्रजांच्या गोळ्यांना सामोरे गेले होते. दि. बा. पाटलांचं नाव नवी मुंबईच्या विमानतळाला द्यायचं ठरलं आहे.

बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. आज देशातल्या मोठ्या बंदरांतून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीचा निम्म्याच्या आसपास भाग एकट्या या बंदरातून, म्हणजे जेएनपीएतून, जातो. शेवा गावचे जे कोळी बंदरासाठी उठवले गेले, त्यांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात बसवलं. तिथल्या घरांना वाळवी लागली, आणि ती नुसत्या चौकटींना नाही, सगळ्या वस्तीलाच. दशकानुदशकं तक्रारी केल्यावर या कोळ्यांनी आपल्या होड्या बंदराच्या जहाजमार्गात घातल्या. समुद्राच्या माणसाने आपलं म्हणणं समुद्रातच मांडलं.

बांध, मिठागरं, भराव, रेल्वे, कंटेनरच्या गोदामांची मैदानं, या सगळ्यांनी पूर्वेची खाडी बुजवली. नकाशावर करंजा बेट उरलं नाही. उरल्या आहेत पाणजे, फुंडे, भेंडखळ इथल्या पाणथळ जागा, जिथे हिवाळ्यात रोहित पक्षी आणि सायबेरियाच्या बाजूचे लहान-मोठे पाहुणे उतरतात. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या की या जागा सुकतात, सुकल्या की भरावाला तयार होतात. पक्षिमित्र आणि मच्छीमार यावर एकत्र भांडतात. मच्छीमाराला त्याच चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या मिळतात, आणि भरतीचं पाणी जाण्याची जागा बुजली तर ते आपल्या घरात येतं हेही त्याला कळतं.

१२ जानेवारी २०२४ हा दिवस उरणच्या इतिहासात सालबाईच्या तहाच्या बरोबरीने लिहावा लागेल. त्या दिवशी शिवडी ते न्हावा-शेवा अटल सेतू सुरू झाला, २१.८ किलोमीटर, त्यातला सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. त्याच दिवशी खारकोपरपर्यंत येऊन थांबलेली लोकल उरणपर्यंत आली. शेमटीखार, न्हावा-शेवा, द्रोणागिरी आणि शेवटी उरण. २०११ च्या जनगणनेत जेमतेम तीस हजार वस्ती असलेल्या या नगरपालिकेच्या गावाला पहिल्यांदा मुंबईच्या रेल्वे नकाशात जागा मिळाली. करंजा ते रेवस पुलाचं काम सुरू आहे. तो झाला की अलिबागकडची वाहतूकही इथूनच जाईल. पलीकडे चिरनेरच्या बाजूला १२४ गावांत 'तिसरी मुंबई' वसवायची योजना आहे.

म्हणजे ज्या अंतरासाठी उरणला सगळं आणून ठेवलं, ते अंतरच संपत आलं आहे, आणि आणून ठेवलेलं मात्र सगळं जागच्या जागी आहे. कोठारं हलली नाहीत, वायूच्या टाक्या हलल्या नाहीत. घनमुळाचं गणितही बदललेलं नाही. बदलली ती जमिनीची किंमत. द्रोणागिरी नोडमध्ये उंच इमारतींच्या जाहिराती लागतात, पुलामुळे मुंबई किती मिनिटांवर आली ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. तिथून थोड्या अंतरावर सेफ्टी झोनमधल्या घरमालकाला मात्र भिंत दुरुस्त करायला परवानगी मिळत नाही, आणि परवानगीचा कागद नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. मुलाचं लग्न ठरतं. मग गच्चीवर पत्रे टाकून एक खोली चढते, तिची नोंद कुठेच होत नाही, आणि शस्त्रागाराभोवती नेमकी किती माणसं राहतात हा आकडा, जो नौदलाला सगळ्यांत आधी हवा, तो रोज थोडा थोडा चुकत जातो.